मुलांची उंची आणि थीम पार्कच्या राइड: घरून निघण्याआधी काय मोजायचं, तिथे गेल्यावर काय विचारायचं

तिकिटं निघाली, विमान बुक झालं, हॉटेलचे पैसेही गेले, आणि राइडच्या तोंडाशी कळतं की पोरगं दोन सेंटिमीटरने कमी पडतंय. तोवर पाऊण तास रांगेत गेलेला असतो, आणि पुढचा पाऊण तास समजूत काढण्यात जातो. हे टाळायला एक स्टीलची टेप आणि दहा मिनिटं पुरतात. अट एकच, मोजणी तिकीट काढण्याआधी झाली पाहिजे आणि नीट झाली पाहिजे. घरात मोजलेली उंची सहसा एक-दोन सेंटिमीटरने चुकते, तीही मुलाच्या बाजूने.

घरी मोजताना

भिंतीला टाइलचं स्कर्टिंग असेल तर ती भिंत सोडा. स्कर्टिंगमुळे टाचा पुढे सरकतात, मूल मागे रेलतं आणि माप बिघडतं. दाराची चौकट सगळ्यात बरी. जमीन सपाट हवी, खाली गालिचा किंवा चटई नको.

मूल अनवाणी उभं करा. टाचा, पार्श्वभाग आणि पाठीचा वरचा भाग चौकटीला टेकलेला, पाय जुळवलेले, नजर सरळ समोर. हनुवटी वर केली की डोक्याचा सर्वात उंच भाग मागे जातो आणि उंची कमी भरते, म्हणून "छताकडे बघ" असं सांगू नका. आता जाड पुठ्ठ्याचं पुस्तक घ्या. एक कड चौकटीला घट्ट, दुसरी डोक्यावर, आणि केस दबेपर्यंत खाली आणा. पुस्तक तिरकं धरलं तर सहज एक सेंटिमीटरचा फरक पडतो. घरात सुताराचा गुण्या असेल तर उत्तमच. पेन्सिलीने खूण करा, मूल बाजूला घ्या आणि जमिनीपासून खुणेपर्यंत स्टीलच्या टेपने मोजा. शिवणकामाची कापडी टेप वापरू नका, ती वर्षानुवर्षांच्या वापराने ताणलेली असते.

असं तीनदा करा आणि तिन्ही मापांतलं सगळ्यात कमी धरा. सरासरी काढायचा मोह होतो, पण दारात कमी माप निघालं तर सरासरी कामाला येत नाही.

वेळेचाही फरक पडतो. रात्रभर आडवं राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्या फुगलेल्या असतात, त्या दिवसभरात दबतात. मोठ्या माणसात हा फरक एक-दीड सेंटिमीटरपर्यंत जातो, मुलांत थोडा कमी. यातली बरीच घट उठल्यानंतरच्या पहिल्या तासा-दोन तासांतच होते. त्यामुळे सकाळी अंथरुणातून उठल्या उठल्या घेतलेलं माप फसवं. संध्याकाळचं घ्या. आंबाडा, उंच पोनी, टोपी, हेअरबँड हे सगळं काढून मोजा, कारण तिथे काठी घेऊन उभा असलेला माणूस आंबाडा दाबूनच बघतो.

बुटांचं काय? कोरड्या राइडवर बहुतेक ठिकाणी साधे बूट घालूनच मोजतात, म्हणजे तळव्याचे एक-दोन सेंटिमीटर मिळतात. त्यावर हिशोब बांधू नका. उंच टाच किंवा जाड सोल दिसला की कर्मचारी बूट काढायला सांगू शकतात. बुटात कागदाचे बोळे घालण्याची युक्ती तर सगळ्यांना ठाऊक आहे, कर्मचाऱ्यांनाही. अनवाणी माप मर्यादेला पुरं पडलं तर राइड पक्की धरा. फक्त बुटांसकट पुरत असेल, तर "बघू" एवढंच मुलाला सांगा.

साडेचार फूट आणि चार फूट पाच इंच

पार्कचे आकडे कुठे इंचांत, कुठे सेंटिमीटरमध्ये. आपण घरात बोलतो फुटांत, आणि गोंधळ इथेच होतो. ४.५ फूट म्हणजे साडेचार फूट, ५४ इंच, १३७ सेंमी. चार फूट पाच इंच म्हणजे ५३ इंच, १३४.६ सेंमी. फॉर्मवर सर्रास "४.५" लिहिलं जातं आणि मनात असतं चार-पाच. अडीच सेंटिमीटर इथेच हरवतात. सगळं सेंटिमीटरमध्ये ठेवा आणि इंचाला २.५४ ने गुणा. कामाला येणारे टप्पे असे: ३८ इंच म्हणजे ९७, ४० म्हणजे १०२, ४२ म्हणजे १०७, ४४ म्हणजे ११२, ४८ म्हणजे १२२, ५४ म्हणजे १३७.

सहल सहा महिन्यांनी असेल तर? चार ते दहा वर्षांच्या काळात मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतं, म्हणजे महिन्याला अर्धा सेंटिमीटरच्या आत-बाहेर. पण वाढ हप्त्याने येत नाही. सहा महिन्यांत दोन सेंटिमीटर एवढंच गृहीत धरा. भारतीय बालरोग अकादमीच्या २०१५च्या तक्त्यांत पाच वर्षांच्या मुलांची मधली उंची १०८च्या, सात वर्षांची १२०च्या आणि दहा वर्षांची १३७च्या आसपास आहे, मुलींची याच सुमारास किंचित कमी. हे आकडे वरच्या टप्प्यांशेजारी ठेवून पाहा: पाच वर्षांचं मूल १०७ला जेमतेम लागतं आणि ११२ला अडतं, सात वर्षांचं १२२ला दोन सेंटिमीटर कमी पडतं. "तिच्याच वयाची शेजारची मुलगी बसली होती" या वाक्याला म्हणूनच काही अर्थ नसतो.

आकडा येतो कुठून

सीटवर बसल्यावर मांडीवर येतो तो लॅप बार, म्हणजे दांडा. गाडी टेकडीच्या माथ्यावरून खाली सुटते तेव्हा शरीर सीटमधून वर उचललं जातं, आणि त्या क्षणी माणसाला धरून ठेवणारी मुख्य गोष्ट तोच दांडा असते. तो मांडीच्या वरच्या भागावर, कंबरेच्या खोबणीत बसला पाहिजे. मूल लहान असेल तर दोन गोष्टी होतात. एक, दांडा शेवटच्या खाचेपर्यंत आला तरी मांडी आणि दांडा यांच्यात पोकळी राहते. दोन, पाय जमिनीला न टेकल्याने मूल पुढे घसरतं आणि दांडा मांडीऐवजी पोटावर येतो. खांद्यावरून येणाऱ्या हार्नेसचं गणित वेगळं: खांदे खाली असले की हार्नेस कानाच्या पातळीला येतो आणि प्रत्येक वळणावर डोकं त्यावर आपटतं.

आता एकच दांडा दोघांत असलेली सीट घ्या. बाबा आणि मुलगी शेजारी बसले. दांडा खाली येतो, बाबांच्या पोटाला लागतो आणि तिथेच थांबतो. मुलीच्या मांडीवर चार बोटांची मोकळी जागा. ती उंचीच्या पट्टीत पास झाली असली तरी दांड्याने तिला धरलेलं नाही. अशा सीटवर मुलाशेजारी घरातलं सडपातळ माणूस बसवा. ऑपरेटर दांडा दाबून, ओढून बघतो तेव्हा तुम्हीही मुलाच्या मांडीवर हात ठेवून जागा किती आहे ते बघा. जास्त वाटली तर सुटण्याआधी हात वर करून सांगा. तसं सांगण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

अमेरिकेतल्या एएसटीएम एफ२२९१ या मानकात राइड शरीराला कोणत्या दिशेने आणि किती जोराने ढकलते यावरून बंधनांचे, म्हणजे दांडा-हार्नेसचे, पाच वर्ग पाडले आहेत: पहिल्या वर्गात बंधनाची गरजच नाही, पाचव्यात सगळ्यात कडक. उत्पादक त्यानुसार सीट बनवतो आणि कोणत्या मापाच्या माणसासाठी ती चालेल हे ठरवतो. पार्क ती मर्यादा वाढवू शकतं, उत्पादकाने दिलेल्याच्या खाली आणायची नसते. म्हणून दारातल्या कर्मचाऱ्याला "एकदाच जाऊ द्या हो" म्हणून उपयोग नाही, त्याच्या हातात ते नसतं.

मोठ्या अंगाच्या मुलांसाठी एक इशारा. उंची पुरली म्हणजे काम झालं असं नाही, वजन आणि छातीचा घेरही बघितला जातो. मार्च २०२२ मध्ये ऑर्लँडोतल्या एका उंच ड्रॉप टॉवरवरून, म्हणजे वरून एकदम खाली सोडणाऱ्या राइडवरून, १४ वर्षांचा मुलगा पडून मरण पावला. उत्पादकाच्या पुस्तिकेतली वजनाची मर्यादा १३० किलो होती, मुलाचं वजन त्याहून बरंच जास्त होतं, आणि तपासात त्या सीटचा सेन्सर हाताने बदलून हार्नेसची फट वाढवलेली आढळली. राइडबाहेर नमुन्याची सीट ठेवलेली असेल तर आधी तिच्यात बसवून बघा आणि बकल पूर्ण लागतं का ते पाहा.

ऑर्लँडोचं डिस्नी वर्ल्ड, उंचीच्या पायऱ्यांनी

इथे तिकीट वयावर आहे: तीन वर्षांखाली मोफत, तीन ते नऊ मुलांचं, दहापासून मोठ्यांचं. राइड मात्र उंचीवर. त्यामुळे तिसरा वाढदिवस नुकताच झालेलं मूल पैशाच्या दृष्टीने सगळ्यात वाईट ठिकाणी असतं. तिकीट सुरू झालेलं, उंची साधारण ९५, आणि पहिला मोठा टप्पा ९७चा.

८१ सेंमीला टुमॉरोलँड स्पीडवेच्या गाडीत मोठ्यांबरोबर बसता येतं. एकट्याने चालवायला १३७ लागतात. ८९ला बार्नस्टॉर्मर ही छोटी कोस्टर. ९७ला सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन, स्लिंकी डॉग डॅश, मिलेनियम फाल्कनची स्मगलर्स रन आणि काली रिव्हर रॅपिड्स. १०२ला दार सताड उघडतं: टियानाज बायू अ‍ॅडव्हेंचर, सोअरिन, टेस्ट ट्रॅक, टॉवर ऑफ टेरर, राइज ऑफ द रेझिस्टन्स, स्टार टूर्स. १०७ला गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी. ११२ला स्पेस माउंटन, एक्स्पेडिशन एव्हरेस्ट, अवतारची फ्लाइट ऑफ पॅसेज. मिशन स्पेसच्या हिरव्या मोहिमेला १०२ पुरतात, भगव्याला ११२ हवेत. ट्रॉनला १२२.

सल्ला विचाराल तर १०२ हा इथला खरा उंबरठा. मूल शंभरीच्या अलीकडे असेल आणि सहल वर्षभर पुढे ढकलता येत असेल तर ढकला. येत नसेल तर मन मोठं करा आणि बिनउंचीच्या राइडवर दिवस आखा. हॉन्टेड मॅन्शन, पायरेट्स, पीटर पॅन, जंगल क्रूझ, डंबो, किलिमांजारो सफारी, फ्रोझन, रेमी, नावी रिव्हर या सगळ्यांना उंचीची अट नाही, आणि दोन दिवस तर यातच जातात. फक्त अंधार आणि मोठे आवाज मुलाला चालतात का ते बघा, ती अट बोर्डावर लिहिलेली नसते.

सात वर्षांखालच्या मुलाबरोबर राइडवर १४ किंवा त्याहून मोठं कुणीतरी बसावं लागतं. उंची पुरली तरी हा नियम आहेच.

आणि नावावर जाऊ नका. स्पेस माउंटन फ्लोरिडात ११२, कॅलिफोर्नियात १०२, हाँगकाँगमध्ये १०२, पॅरिसमध्ये १२०. फ्लोरिडात माणसं एकामागे एक, वेगवेगळ्या सीटवर बसतात, शेजारी कुणी नसतं. कॅलिफोर्नियात दोघं शेजारी-शेजारी. पॅरिसची गाडी तर जोरात फेकली जाते आणि उलटीही होते. नाव सारखं आहे म्हणून आतली राइड सारखी समजू नये.

सिंगापूर

आपल्याकडच्या ग्रुप टूरमध्ये युनिव्हर्सल स्टुडिओला बहुधा एकच दिवस मिळतो, म्हणून इथे आकडे पाठ करूनच जा. तिकिटाला चार ते बारा वर्षं म्हणजे मूल. राइडमध्ये कॅनोपी फ्लायर आणि एन्चान्टेड एअरवेज ९२, ट्रान्सफॉर्मर्स १०२, जुरासिक पार्क रॅपिड्स १०७, रिव्हेंज ऑफ द ममी १२२, बॅटलस्टार गॅलॅक्टिकाच्या दोन्ही गाड्या १२५. ट्रान्सफॉर्मर्स, रॅपिड्स आणि कॅनोपी फ्लायरवर १२२च्या आतलं मूल मोठ्या माणसाबरोबरच. ममी आणि गॅलॅक्टिकामधल्या तीन सेंटिमीटरवर पुष्कळ आठ वर्षांची मुलं अडकतात. टूर मॅनेजरला सकाळीच सांगून ठेवा की तुम्हाला आळीपाळीने बसायचं आहे, नाहीतर जेवणाच्या वेळेचा मेळ बसत नाही.

आपल्याकडे तिकीटच उंचीवर

भारतातल्या पार्कमध्ये गणित उलटं. वंडरलासारख्या ठिकाणी ८५ सेंमीखाली मोफत, ८५ ते १४० मुलांचं तिकीट, त्यावर मोठ्यांचं. खोपोलीच्या इमॅजिकातही लहान-मोठं उंचीवरच ठरतं. त्यामुळे तिकीट खिडकीवर मुलाने गुडघे वाकवायचे आणि राइडवर टाचा उचलायच्या, असा दुहेरी प्रयोग बघायला मिळतो. पट्टी दोन्हीकडे तीच असते. १३८-१४२च्या पट्ट्यातल्या मुलासाठी ऑनलाइन तिकीट काढताना घरचं माप बुटांसकट घ्या. दारात फरक निघाला तर वरची रक्कम तिथेच भरावी लागते.

२०१३ मध्ये सुरू झालेली इमॅजिकातली नायट्रो ही फ्लोअरलेस कोस्टर आहे. पायाखाली तळ नसतो, पाय लोंबकळतात, खांद्यावरून हार्नेस येतो. बनवणारी कंपनी स्विस, बॉलिगर अँड माबिलार्ड. त्यांचीच फ्लोअरलेस कोस्टर ऑर्लँडोच्या सीवर्ल्डमध्ये क्रॅकन नावाने आहे आणि तिला १३७ लागतात. तेव्हा या जातीच्या कोस्टरसाठी पाचवीच्या अलीकडच्या मुलाला आशा दाखवू नका, आणि नेमका आकडा प्रवेशदाराशी मिळणाऱ्या राइडच्या यादीत बघूनच बोला.

लहान मुलांच्या पाळण्यांना कमाल उंचीही असते, हे लोक विसरतात. धाकट्याबरोबर थोरलीही बसेल असं धरून चालू नका.

जत्रेत तर बहुतेक ठिकाणी पट्टीच नसते. ब्रेक डान्स, टोराटोरा, गोल फिरणारी कोणतीही राइड असो, लहान मूल आतल्या बाजूला, म्हणजे मधल्या खांबाकडे, आणि मोठं माणूस बाहेरच्या बाजूला बसवा. फिरताना सगळ्यांचं वजन बाहेर फेकलं जातं. मूल बाहेर बसलं तर तुमचं सत्तर किलो त्याच्यावर येऊन पडतं. साखळी किंवा दांड्याला खीळ लागते का ते स्वतः ओढून बघा. खिळीच्या जागी तार किंवा सुतळी दिसली तर खाली उतरा.

रांगेत उभं राहण्याआधी

रांगेच्या तोंडाशीच मोजून घ्या. कुणी थांबवलं नाही म्हणजे पास झालो, असं होत नाही. चढण्याच्या फलाटावर पुन्हा मोजतात आणि तिथल्या ऑपरेटरचा शब्द शेवटचा. काही पार्कमध्ये प्रवेशाजवळ एकदा मोजून उंचीप्रमाणे रंगीत मनगटपट्टी बांधतात. आत गेल्यावर पहिलं काम तेच करा, ती पट्टी दिवसभराचे वाद मिटवते.

दोन मुलं आणि त्यातलं एक कमी उंचीचं असेल तर डिस्नीत "रायडर स्विच" हे दोन शब्द लक्षात ठेवा. सगळ्या कुटुंबाने एकत्र राइडच्या दाराशी जायचं आणि तिथल्या माणसाला तसं सांगायचं. आई थोरल्याला घेऊन नेहमीच्या रांगेत जाते, बाबा धाकट्याबरोबर बाहेर. बाबांच्या तिकिटावर नोंद होते. आई परत आली की बाबा लांब रांग न लावता जातात, आणि थोरल्याला बहुतेक वेळा त्यांच्याबरोबर दुसऱ्यांदाही बसता येतं. आई आधीच आत गेली आणि मग बाबांनी विचारलं, तर नोंद होत नाही. ही चूक सर्रास होते. ऑर्लँडोच्या युनिव्हर्सलमध्ये याच सोयीला "चाइल्ड स्वॅप" म्हणतात आणि पद्धत वेगळी: सगळं कुटुंब एकत्र रांग लावतं, चढण्याच्या जागेजवळ एक खोली असते, एकजण धाकट्याला घेऊन तिथे थांबतो आणि मग अदलाबदल.

रांग वगळायचे जादा पैसे भरणार असाल तर ते ज्यांची उंची पुरते त्यांचेच भरा. चौघांचं एकदम काढून एकाचं फुकट घालवणं फार सोपं आहे.

वॉटर पार्कमध्ये बूट नाहीत, म्हणून कोरड्या पार्कमध्ये पास झालेलं मूल इथे नापास होऊ शकतं. डिस्नीच्या ब्लिझर्ड बीचवरच्या समिट प्लमेटला १२२ लागतात, तेही अनवाणी. ट्यूबवरच्या घसरगुंड्यांना एकत्रित वजनाची मर्यादाही असते: फार हलकी ट्यूब मध्येच अडकते, फार जड झालेली वळणावर कडेवर चढते. लाटांच्या तलावात मूल छातीपेक्षा खोल पाण्यात जाऊ देऊ नका, लाइफ जॅकेट असलं तरी हाताच्या अंतरावर राहा.

निघण्याच्या आठवडाभर आधी पुन्हा एकदा मोजा आणि त्याच दिवशी पार्कच्या संकेतस्थळावरचे आकडे आणि बंद राइडची यादी बघा. राइड नव्याने सजवून उघडली की मर्यादा बदललेली असू शकते. मग दाराच्या चौकटीवर १०२, ११२, १२२ अशा उंचीला रंगीत चिकटपट्टीचे तुकडे लावा आणि प्रत्येकावर त्या राइडचं नाव लिहा. मूल रोज येता-जाता तिथे उभं राहून बघतं. ट्रॉनची पट्टी आपल्या डोक्याच्या वर आहे हे त्याला घरीच कळलेलं असलं की तिथे रडारड होत नाही.